जांभा, सुंभ आणि तिरपा उजेड: वाचनालयाच्या भिंतीच्या नोंदी

जागा मालवण तालुक्यातल्या एका गावातली, वाचनालयाची वाचनखोली. उत्तरेच्या भिंतीवर आतल्या अंगाला ३.६ मीटर लांब आणि १.२ मीटर उंच पट्टा करायचा आहे. चित्र नाही, अक्षर नाही, फक्त पोत. ६० × १२० सेंमीचे सहा फलक, ८ मिमी सिमेंट फायबर शीटवर चुन्याचा गिलावा. रंग वापरायचा नाही असं सुरुवातीला ठरलं होतं.

४ नोव्हेंबर

नमुने गोळा करायच्या आधी उजेड मोजला. खोलीला मोठी खिडकी एकच, पूर्वेच्या भिंतीत, ९० सेंमी रुंद. तिचा मध्य आपल्या भिंतीपासून १.१ मीटरवर. उजेड भिंतीला चाटत जातो, आणि पोताला असाच उजेड लागतो. समोरून पडलेल्या उजेडात, म्हणजे ट्यूबलाइटच्या किंवा मोबाइलच्या फ्लॅशच्या, दोन मिलिमीटरचा उठाव नाहीसा होतो, कारण त्याची सावली त्याच्याच मागे लपते.

हिशेबाला त्रिकोणमिती लागत नाही. सावलीची लांबी = उठावाची उंची × (खिडकीच्या भिंतीपासूनचं अंतर ÷ १.१ मीटर). उठाव २ मिमी धरला तर:

खिडकीकडचं टोक, अंतर ०.५ मी: सावली ०.९ मिमी
पट्ट्याचा मध्य, अंतर २.३ मी: सावली ४.२ मिमी
लांबचं टोक, अंतर ४.१ मी: सावली ७.५ मिमी

एकच पोत सगळ्या भिंतीवर सारखा पसरला, तर खिडकीशी तो सपाट दिसेल आणि लांबच्या टोकाला खरबरीत. खिडकीशी ७.५ मिमीची सावली हवी असेल तर उठाव साडेसोळा मिमी करावा लागेल. फलकांचा क्रम इथेच निम्मा ठरला: खोल काम खिडकीकडे, बारीक काम लांब.

हा हिशेब खिडकीच्या मध्यबिंदूचा आहे. खिडकी रुंद असल्याने आभाळाच्या उजेडात सावलीची कड मऊ येते, आकडा तंतोतंत जुळत नाही. थेट ऊन वेगळं वागतं. सूर्यकिरण समांतर असल्याने भिंतभर कोन एकच राहतो. पण भिंत उत्तरेची आहे, त्यामुळे सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो तेव्हाच, साधारण सप्टेंबरअखेर ते मार्च, सकाळचं कोवळं ऊन तिच्यावर येतं. पावसाळ्यात नाहीच. म्हणून मापं आभाळाच्या उजेडावर धरायची, हिवाळ्यातलं ऊन मिळालं तर वरकड.

६ नोव्हेंबर

दुसरं माप बघणाऱ्याच्या अंतराचं. दारातून भिंत ६ मीटर, टेबलापासून ३ मीटर, कपाटाकडे जाणाऱ्याचा हात लागेल इतकी जवळ. चांगल्या नजरेला अंशाच्या साठाव्या भागापर्यंतचा तपशील सुटा दिसतो. ६ मीटरवर तो १.७५ मिमी, ३ मीटरवर ०.९ मिमी. त्याहून बारीक कण एकमेकांत मिसळतात आणि नुसती करडी छटा उरते. पोत म्हणून ओळखू यायला या मापाच्या किमान तिप्पट हवं. म्हणून दारासाठी ५ ते ६ मिमी, टेबलासाठी अडीच ते तीन, हातासाठी १ मिमी आणि त्याखालचं.

जांभ्याची भिंत लांबून आणि जवळून सारखीच धरून ठेवते त्याचं कारण हेच. त्यात ५ ते २० मिमीची भोकं, भोकांमधल्या पातळ भिंती आणि त्यांवरचे बारीक कण, ही तिन्ही मापं एकत्र असतात. बाजारातल्या ‘जांभा फिनिश’ टाइल्समध्ये पहिलंच माप छापलेलं असतं. दोन पावलं जवळ गेलं की गुळगुळीत ग्लेझ लागतं.

९ ते १२ नोव्हेंबर

ठसे घेतले. वस्तूवर कागद ठेवून वरून घासायचं. माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने १९२५ साली फ्रान्सच्या किनाऱ्यावर लाकडी जमिनीचे असे ठसे घेतले आणि त्याला फ्रोताज हे नाव रूढ झालं. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासणाऱ्या पोरांना ते आधीपासून येत असतं.

घेतलेले पृष्ठभाग: हाताने घडवलेला चिरा (बांधकामाचा जांभ्याचा ठोकळा), यंत्राने कापलेला चिरा, फणसाची फळी, माडाचं खोड, विणलेला झाप, रोवळी, सुंभाची गुंडाळी, रापणीच्या जाळ्याचा तुकडा, सारवलेलं खळं, मंगलोरी कौलाची पाठ, पुळणीवरच्या वळ्या. वाळूवर कागद टिकत नाही, म्हणून वळ्यांचा प्लास्टरचा ओतीव ठसा घेतला. ओतताना प्लास्टर पळीने, आडव्या धरलेल्या पत्र्यावरून सोडायचं. थेट ओतलं तर धारेने वळी मोडते.

कागद आणि साहित्य यांचं जमलेलं गणित असं. फळी, कौल, रोवळी यांना ६० ते ७० जीएसएमचा साधा कागद आणि ६बी ग्रॅफाइटची कांडी, आडवी धरून. चिऱ्यावर हा कागद तिसऱ्या घासेला फाटतो. तिथे शिंप्याकडे कॉलरला लावतात ते न विणलेलं अस्तर चाललं. सोबत मेणाचा खडू, कारण दमट हवेत कागद मऊ पडला की ग्रॅफाइट नुसतं घसरतं, मेण बसतं. सकाळी नऊच्या आधी कागदाला हात लावू नये. रात्रीचा ओलावा उतरेपर्यंत कागद ढिला असतो, ठशात सुरकुत्या येतात आणि त्याच पोत वाटायला लागतात. कागदांच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या.

चुकतं ते बहुधा दाबामुळे. जोरात घासलं की वस्तूचे उंच भाग काळे होतात, मधले थर हरवतात. तीन हलके हात, प्रत्येक वेळी दिशा बदलून, हे एका जड हातापेक्षा जास्त माहिती देतात.

एक गोष्ट इथे लिहून ठेवणं भाग आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवरची, कातळशिल्पं याच जांभ्यात कोरलेली आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांवर कागद ठेवून घासायचं नाही, खडूने रेघ भरायची नाही, पाणी ओतायचं नाही. सूर्योदयानंतरच्या किंवा मावळतीआधीच्या तिरप्या उन्हात उथळ रेघही फोटोत स्वच्छ येते. हात न लावता पोत वाचायचा याहून चांगला धडा आसपास नाही.

१५ नोव्हेंबर

त्याच पृष्ठभागांचे फोटो. कॅमेरा तिपाईवर, पृष्ठभागाला काटकोनात, एफ/८, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. दिवा एकच, १५ अंशावर, आणि त्यावर पांढरं कापड नाही. प्रत्येक वस्तूचे चार फोटो, दिवा डावीकडे, उजवीकडे, वर, खाली.

चार फोटो शेजारी ठेवले की दिशा असलेला पोत आणि दिशा नसलेला पोत लगेच वेगळे पडतात. जांभा चारही फोटोंत तोच दिसतो. सुंभ आणि फणसाची फळी दोन फोटोंत जिवंत, दोनांत मेलेली, कारण त्यांच्या रेघा उजेडाला समांतर गेल्या की सावलीच पडत नाही. आपला उजेड आडवा, पूर्व-पश्चिम. म्हणून रेघांचा पोत उभा किंवा तिरका बसवायचा, आडवा कधीच नाही.

१८ नोव्हेंबर

अकरा ठशांतून आठ निवडून पुठ्ठ्यावर लहान नमुना केला. वाईट दिसला. हार्डवेअरच्या दुकानात लॅमिनेटचे तुकडे लटकवलेले असतात तसा. प्रत्येक तुकडा ‘मला बघा’ म्हणतोय आणि डोळ्याला टेकायला जागा नाही.

निवड करायला कलावंत-शिक्षक मोहोली-नॉज्य यांची वाटणी कामी आली. १९२३ ते १९२८ या काळात जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवताना ते पदार्थाची आतली रचना, तिचं बाहेर दिसणारं अंग आणि घडवणाऱ्या हाताची किंवा यंत्राची खूण या तीन गोष्टी वेगळ्या धरत. आपल्या यादीला हे लावून पाहिलं. जांभ्याची भोकं ही दगडाची स्वतःची रचना. फणसाच्या फळीवरच्या रेघाही रचनाच, फक्त करवतीने उघड केलेली. सारवणातल्या कमानी ही निव्वळ हाताची खूण, शेणमातीत तशी काही रचना नसते. चिऱ्यावर दोन्ही आहेत. हाताने घडवलेल्या चिऱ्यावर हत्याराचे तिरके घाव आणि त्याखाली भोकं. यंत्राने कापलेल्या चिऱ्यावर चक्रीच्या समांतर रेघा. दगड तोच, पोत दोन.

शेवटी चार ठेवले: घडवलेला चिरा, सुंभ, सारवण, पुळणीच्या वळ्या. उरलेले दोन फलक सपाट, घोटलेले. सपाट फलक हे रिकामे फलक नव्हेत. शेजारी घोटाई असेल तरच खडबडीत खडबडीत वाटतं. खिडकीकडून क्रम: चिरा, सपाट, सुंभ, सारवण, सपाट, वळ्या. झाप आणि जाळं गेलं याचं वाईट वाटलं, पण दोन्हींची चौकट-चौकट विण सारवणाशी भांडत होती.

२२ नोव्हेंबर

साहित्य. विरवलेला चुना २५ लिटर, वाळू ७५ लिटर, ही वाया जाणारं धरून. चुना ऑगस्टमध्ये साधारण १२ किलो कळीच्या चुन्यापासून विरवून पिंपात पाण्याखाली ठेवलेला. विरवताना चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. उकळून अंगावर उडतो, चष्मा हवाच. वापरायच्या आधी ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून घासून काढला. न विरलेला खडा आत राहिला तर तो महिन्याने फुगतो आणि गिलाव्याची टिकली उडवतो.

खालचा थर ८ मिमी, चुना-वाळू १:३, त्यात काथ्याचे २५ मिमीचे तुकडे, बादलीला एक मूठ. वरचा थर ४ मिमी, १:२, वाळू बारीक. मधे फायबरग्लासची जाळी. कोंबडी जाळी स्वस्त पडते, पण या हवेत ती दोन पावसाळ्यांत गंजते आणि पांढऱ्या चुन्यावर तपकिरी चौकोन उमटतात.

२९ नोव्हेंबर

३० × ३० सेंमीचे नऊ चाचणी तुकडे. मुख्य प्रश्न वेळेचा, थर दिल्यानंतर ठसा किती वेळाने दाबायचा. दोन तासांनी दाबलेल्या सुंभाने उचलताना गिलावाही उचलला. आठ तासांनी दाबला तर कडा तुटल्या. मधली वेळ घड्याळाने सांगता येत नाही. तिची खूण अशी: अंगठा दाबला तर ठसा उमटतो, पण बोटाला चुना चिकटत नाही. सावलीत, वारा नसताना ही वेळ पाच तासांवर आली. मतलय सुटलेल्या सकाळी, म्हणजे जमिनीकडून कोरडा वारा येतो तेव्हा, साडेतीन तासांवर.

सुंभ कोरडा दाबू नये. तो गिलाव्यातलं पाणी ओढतो आणि तिथेच धरून बसतो. अर्धा तास भिजवून, फडक्याने पुसून वापरायचा. भिजवला की दुसरी अडचण, काथ्यातला तपकिरी रंग चुन्याला लागतो. दोन दिवस पाण्यात ठेवून चार वेळा पाणी बदललं तेव्हा तो थांबला. होडीवरचा जुना सुंभ रंग सोडत नाही, पण मीठ सोडतो.

ठशात तंतू उमटत नाहीत, पीळ उमटतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही हे खरंच आहे, चुन्यातसुद्धा. म्हणून ८ मिमी जाडीचा, घट्ट पिळाचा सुंभ निवडला. सैल पिळाचा ठसा ६ मीटरवरून नुसता खड्डा दिसतो.

३ डिसेंबर

चिऱ्याचा साचा. ३० × ३० सेंमीचा चांगला घडवलेला तुकडा घेतला. सिलिकॉन रबर ८ मिमी जाडीने ओतायला पाऊण किलोवर लागेल असा हिशेब होता, भोकांनी आणखी पाव किलो प्यायलं. पहिला साचा निघालाच नाही. जांभ्याची भोकं आत जाऊन रुंद होतात, रबर त्यांत शिरून गाठी मारून बसलं. ओढताना फाटलं.

दुसऱ्या वेळी प्रत्येक भोक कुंभाराच्या मातीने तळाकडून भरत आणलं, १५ मिमी खोली आणि वर रुंद, खाली अरुंद असा उतार ठेवला. दगडावर साबणाचे तीन पातळ हात. रबराचा पहिला थर ब्रशने, बुडबुडे फोडत, मग ओतीव. चोवीस तासांनी स्वच्छ निघालं. जांभ्याचा हुबेहूब ठसा आता राहिला नाही, थोडा सोपा झालेला जांभा आहे. भिंतीवर ते पुरतं. आत वळलेली भोकं तशीही काळीच दिसतात.

फलकावर हा साचा आठ वेळा बसतो. निव्वळ भोकांचा असता तर प्रत्येक वेळी फिरवून बसवता आला असता. पण हत्याराच्या घावांना दिशा आहे. फिरवला की घाव कधी उभे, कधी आडवे, आणि आडवे घाव या उजेडात गायब. म्हणून दोनच स्थिती वापरल्या, सरळ आणि अर्ध्या फेऱ्याने उलटी. शिवाय एका कोपऱ्यात तीन मोठ्या भोकांचा त्रिकोण आहे, तो आठदा दिसला असता तर डोळा तेवढाच मोजत बसला असता. पाच ठिकाणी तो ओल्या गिलाव्यात बुजवला.

९ डिसेंबर

चाचणीच्या दोन तुकड्यांवर पांढरी कापसासारखी बुरशी. हात लावला तर बुरशी नव्हे, खार. त्या दोन तुकड्यांत खाडीची वाळू होती, धुतलेली म्हणून आलेली. शाळेच्या प्रयोगशाळेतलं सिल्व्हर नायट्रेट धुण्याच्या पाण्यात थेंबभर टाकलं की मीठ असेल तर पाणी दुधाळ होतं. चार वेळा धुऊनही झालं. खार वर येताना बारीक पोताची कड आधी खातो, म्हणजे वळ्यांचा फलक पहिला गेला असता. सगळी वाळू बदलली, दगडाचा चुरा घेतला, २.३६ मिमीच्या चाळणीतला खालच्या थराला आणि ६०० मायक्रॉनचा वरच्या थराला. चुऱ्याचे कण कोनदार असल्याने थापी जड चालते. घोटाईला एक हात जास्त लागतो.

१२ डिसेंबर

अवेळी पाऊस. काम बंद.

१६ ते २३ डिसेंबर

सहाही फलकांचा खालचा थर १६ला. चार दिवस दिवसातून दोनदा पाणी शिंपडून, मग वरचे थर एकेक.

सुंभ: तुकडे उभे, मधे ११ ते १८ मिमी अंतर, मुद्दाम असमान. सारखं अंतर ठेवलं तर पन्हाळी पत्रा दिसतो. दाबायला लाटणं नको, फळी ठेवून वरून हाताने. उचलताना सरळ वर नाही, एका टोकाने सुंभ त्याच्यावरच मागे दुमडत न्यायचा.

सारवण: हे टेबलावर जमेना. कमानी मोठ्या आणि सुस्त आल्या. कारण उभं राहून हात खांद्यातून फिरतो, त्रिज्या साठेक सेंमी. खळं सारवणारी बाई उकिडवी बसते, हात कोपरातून फिरतो, त्रिज्या ३५ ते ४०, आणि ती मागे सरकत जाते म्हणून प्रत्येक कमान आधीच्या कमानीचं टोक पुसते. फलक जमिनीवर ठेवला, उकिडवं बसून काम केलं, पोत आला. रबरी हातमोजा घालावाच लागतो, चुना कातडी खातो. मोज्यावरून सुती मोजा चढवला तर बोटांच्या रेघा बारीक उमटतात, नुसत्या रबराने चिखल सरकल्यासारखा दिसतो. उठाव ३ मिमी. या फलकाच्या मध्याशी २ मिमीलाच पाचेक मिमीची सावली पडते, त्यामुळे ३ पुष्कळ झाले.

वळ्या: प्लास्टरच्या ठशावरून पत्र्याची दातेरी पट्टी कापून ओढली. उठाव १ मिमी, सावली साडेतीनच्या आसपास. वळ्या एका टोकाला ४५ मिमी अंतरावर, दुसऱ्या टोकाला २० पर्यंत दाट होत जातात. पोत दाट होत गेला की पृष्ठभाग मागे जातोय असं वाटतं. जे. जे. गिब्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये खोलपणाच्या जाणिवेचं हे कारण मांडलं. खिडकीकडे विरळ, टोकाला दाट ठेवल्याने खोली हातभर लांब वाटते.

२७ डिसेंबर

ओलावा टिकवायला ओलं गोणपाट टाकलं होतं. चुना हवेतला कार्बन डायॉक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्यात ओल लागते. लवकर सुकला तर हाताला पीठ लागतं. गोणपाट चिऱ्यावर, सुंभावर चाललं. सपाट फलक क्रमांक दोनवर त्याची विण जशीच्या तशी उतरली. गोणपाट थेट टेकवायला नको होतं, बाजूला विटा ठेवून वर ताणायला हवं होतं.

फलक फेकायच्या आधी भिंतीशी नेऊन धरला. विणीची खोली अर्धा मिमी. खिडकीजवळ तिची सावली अर्धा-पाऊण मिमी पडते, म्हणजे टेबलावरून ती दिसतच नाही, नुसती मऊ, निस्तेज छटा दिसते. शेजारच्या चिऱ्याला चकचकीत घोटाईपेक्षा ही बरी. ठेवला. लांबच्या टोकाला हीच चूक झाली असती तर फलक फोडावा लागला असता. पाचवा मात्र ठरल्याप्रमाणे घोटला, गारगोटीने, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ.

४ जानेवारी

सहा पांढरे फलक शेजारी ठेवले. पांढऱ्यावर पांढरं काम उभं राहू शकतं. शिल्पकार-छापचित्रकार सोमनाथ होर यांची १९७०च्या दशकातली कागदाच्या लगद्याची छापचित्रं तशीच, नुसत्या उठावावर आणि सावलीवर उभी आहेत. पण ती हातभर अंतरावरून बघायची. इथे ढगाळ दुपारी सहा मीटरवरून पट्टा विरघळतो.

म्हणून पाचव्या फलकावर कावेची एक पट्टी. दक्षिण कोकणातल्या आणि गोव्यातल्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचं काम दिसतं, पांढऱ्या चुन्यावर तांबड्या कावेचा थर आणि तो ओला असताना खरवडून काढलेली नक्षी. पद्धत तीच, नक्षी नाही. जांभ्याची माती पाण्यात ढवळून एक मिनिट थांबायचं, गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं, तळाची वाळू टाकायची, चोवीस तासांनी खाली बसलेला गाळ ती काव. चुन्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर घालू नये, नाहीतर सुकल्यावर हाताला लागते. घोटलेला फलक पट्टीपुरता खरवडून, भिजवून, १ मिमीचा थर दिला आणि गुळगुळीत केला. पट्टीवर पोत मुद्दाम ठेवला नाही. रंग आणि पोत एकाच जागी आले की डोळा रंग घेतो आणि पोत सोडतो.

११ जानेवारी

फलक भिंतीशी टेकवून पाहताना दारातून सुंभाचे खड्डे उंचवटे दिसले. जणू दोर चिकटवलेत. उजेड वरून येतो असं डोळा गृहीत धरतो. आडव्या उजेडात तो गोंधळतो आणि खड्डा की उंचवटा हे खिडकी कुठे आहे यावरून ठरवतो. खिडकी नजरेत असेल तर बरोबर ओळखतो, पुस्तकांच्या कपाटाने ती झाकली की उलट. दुरुस्ती केली नाही. हात लावला की खरं काय ते कळतं, आणि लोक हात लावणारच.

म्हणून ९० ते १५० सेंमी उंचीच्या पट्ट्यात चिऱ्याच्या टोकदार कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मोडल्या. हात लागणाऱ्या सगळ्या भागाला साबणाचं पाणी, एकास वीस, दोन हात. साबण चुन्याशी मिळून पाण्यात न विरघळणारा थर होतो, घामाचे डाग आत उतरत नाहीत.

१८ जानेवारी

टांगले. साधा फलक २२ किलो, चिऱ्याचा ३४. जांभ्याच्या भिंतीत प्लास्टिकचं बूच धरत नाही, ड्रिल भोकात पडतं आणि बूच फिरत राहतं. चिऱ्यांच्या सांध्यात नाही, चिऱ्याच्या मध्यात भोक घेऊन १०० मिमीचे स्टीलचे अँकर रसायनाने बसवले, त्यांवर अ‍ॅल्युमिनियमची आडवी पट्टी, फलक तिच्यावर अडकवले. स्क्रू ३१६ स्टीलचे. फलकांमधली फट ४ मिमी. फटीची उभी काळी रेघ पोताहून ठळक दिसते, म्हणून सुंभाच्या फलकाच्या कडेचे ठसे फटीला समांतर ठेवले होते. तिथे ती हरवते.

छतातले दोन ट्यूबलाइट भिंतीच्या बाजूला होते. ते पुढे सरकवायचं आधी ठरलं होतं, पण तसं केलं तर उजेड समोरून पडून पट्टा सपाट होतो. उलट भिंतीपासून १५ सेंमीवर आणले. रात्री उजेड वरून चाटतो, वळ्या दिसेनाशा होतात आणि सारवण उठून येतं.

२ फेब्रुवारी

कपाटांच्या कडेच्या पाट्यांना याच पोताचा छापील वापर. नोव्हेंबरच्या फोटोंतला २० सेंमीचा चौकोन, ३०० पीपीआयला २३६२ पिक्सेल. शिवण घालवायला प्रतिमा अर्ध्याने सरकवून मधला जोड दुरुस्त केला. तेवढ्याने भागत नाही. फोटोत एका बाजूला उजळ, एका बाजूला काळवंडलेला असा मंद उतार राहतो आणि चौकोन जोडले की पट्टे दिसतात. तो उतार आधी काढायचा. अक्षरांखाली पोताचा गडद-उजळ फरक सात-आठ टक्क्यांवर आणला. त्याहून जास्त ठेवला तर अनुस्वार आणि नुक्ता पोतात मिसळतात. ‘कथा’ आणि ‘कंथा’ एक होतात.

२१ जुलै

पावसाळ्यातली पाहणी. सुंभ, वळ्या, सपाट, सगळं ठीक. सारवणाच्या खालच्या वीस सेंमीत करडे ठिपके. बुरशी चुन्यावर नाही, कमानींच्या कडांवर साठलेल्या धुळीवर धरली आहे. कोरड्या मऊ ब्रशने झाडून सत्तर टक्के स्पिरिट लावलं. ओलं फडकं वापरायचं नाही, धूळ चिखल होऊन रेघांत बसते. ब्रश खिळ्याला टांगून ठेवला, महिन्यातून एकदा, उभ्या दिशेने.

चिऱ्याच्या फलकावर दोन भोकं कुंभारमाशीने मातीने लिंपली आहेत, दोन्ही वरच्या ओळीतली, १२ मिमीच्या आसपासची. तिची माती आपल्या कावेपेक्षा एक छटा गडद आहे. घरटी रिकामी होईपर्यंत त्या ओळीला ब्रश लावायचा नाही.